ओळखदार

प्रत्येक देश कुलूप निवडतो ते आपल्या स्वभावाला धरून, असं एक वाक्य केतकी शेवाळेनं अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मग तिनंच ते खोडलं. दिल्लीला असली वाक्यं आवडत नाहीत, दिल्लीला तक्ते आवडतात. तेव्हा तिनं तक्ते केले, आणि ते करता करता जवळपास दोन वर्षं गेली.

पुण्यात पाषाणच्या टेकडीलगत, बाहेरून एखाद्या पतसंस्थेसारख्या दिसणाऱ्या इमारतीत तिचा कक्ष होता. कक्षाचं नाव लांबलचक होतं, काम मात्र सोपं सांगता येण्यासारखं. राष्ट्राची सायबर सुरक्षा राखायला कोणता देश काय करतो ते बघायचं, आणि त्यातलं आपल्याला काय झेपेल ते सरकारला सांगायचं. केतकी तिथली उपसंचालक. वय अठ्ठेचाळीस, चष्म्याचा नंबर वाढता, मान कायम आखडलेली. "दमले बाई" हे तिचं पालुपद झालं होतं, आणि आता त्याचाही तिला कंटाळा आला होता.

सगळं सुरू झालं होतं आवाजापासून. खोटा आवाज काढणारी यंत्रं इतकी पोचलेली झाली होती की फोनवर आईला लेकराची ओळख पटेनाशी झाली. एका वीजकेंद्रातल्या अभियंत्याला एके दिवशी बायकोचा फोन आला. बाळ जिन्यावरून पडलंय, तुमच्या पाळीची परवलीची खूण सांगा म्हणजे फाटकावरचा माणूस तुम्हाला लगेच सोडेल, असं ती रडत रडत म्हणाली. त्यानं सांगितली. खरी बायको त्या वेळी घरी बाळाला भरवत होती. चार जिल्हे दीड दिवस अंधारात गेले आणि इस्पितळांत यंत्रांवर असलेली माणसं दगावली. तो अभियंता पुढे कुणाशीच फोनवर बोलेनासा झाला, असं केतकीनं ऐकलं होतं.

त्यानंतर 'पारख' आली, फोनवरचा माणूस खरा की खोटा ते ठरवणारी प्रणाली. आवाज ऐकणं तिनं सोडूनच दिलं होतं. माणूस कुठल्या शब्दाआधी किती थांबतो, कुठल्या आठवणीवरून कुठल्या आठवणीवर जातो, कुठलं वाक्य अर्धवट टाकून भलतीकडेच वळतो, याची प्रत्येकाची एक ठरलेली रीत असते. रोज एकाच शेतातून जाणाऱ्याची पायवाट पडावी तशी ती पडते. 'पारख' ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये बसून वर्षानुवर्षं घरच्यांच्या या पायवाटा शिके, आणि शिकलेलं त्या फोनबाहेर कधी जाऊ देत नसे. चोराला आवाज मिळे, शब्द मिळत, लग्नाच्या व्हिडिओतलं हसूसुद्धा मिळे. ही पायवाट मात्र मिळत नसे. फोन आला की 'पारख' आधी स्वतः दोन-चार वाक्यं बोलून घेई. जुळणी साठ टक्क्यांखाली गेली तर हा तो माणूस नव्हे असं ठरवून फोन तोडून टाके.

ही सक्ती सगळ्यांना नव्हती, फक्त संरक्षित पदांवरच्या माणसांना होती. वीज, पाणी, रेल्वे, बँका यांच्या चाव्या ज्यांच्या हाती, ती ही माणसं. केतकीही त्यांतच होती. तुलना करायची म्हणून सहा देशांनी विश्वासानं दिलेली आणि आपल्या राज्याच्या वीजव्यवस्थेची माहिती तिच्या ताब्यात होती, कुणाचं काय कच्चं आहे त्या सगळ्यासकट. ती माहिती ज्या किल्लीनं उघडे ते काडेपेटीएवढं यंत्र तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत असे. त्या खोलीच्या भिंतींत तांब्याची जाळी होती, आत कुठलाही संदेश शिरत नसे की बाहेर जात नसे. फोन करायचा तर गच्चीवर जावं लागे.

'पारख'मध्ये खोट एकच होती. माणूस आजारी पडला की त्याची पायवाट मोडते.

केतकीचे वडील भालचंद्र शेवाळे, तिचे नाना, कराडला असत. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. दुकानदाराकडचं पाणीसुद्धा न पिणारा माणूस. सख्ख्या साडूच्या किराणा दुकानातला काटा त्यांनी भर बाजारात सील केला होता, आणि त्यापायी केतकीची मावशी दोन दिवाळ्या घरी फिरकली नव्हती. "नात्याची भीड ठेवली तर काटा कशाला हवा?" असं ते जेवताना सांगत आणि केतकीची आई कपाळाला हात लावी. आता आई नव्हती आणि नानांना विस्मृतीचा आजार जडला होता. त्यांना पुण्याला आणून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी ते आपलं घर शोधायला बाहेर पडले आणि थेट पोलिस चौकीत सापडले. तेव्हापासून ते कराडलाच, इंदुताई नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली. त्या त्यांच्याकडेच राहत, आणि केतकीला बहिणीसारख्या झाल्या होत्या.

नाना केतकीला कधी "बाई" म्हणत, कधी आपली गेलेली बहीण समजून "लीला" म्हणत. वाक्याचं एक टोक त्यांच्या हाती लागे, दुसरं लागत नसे. जुळणी ऐंशीची सत्तर झाली, सत्तरची साठ झाली, आणि एके दिवशी 'पारख'नं त्यांचा फोन तोडला. नाना तिकडे कितीतरी वेळ "हॅलो, हॅलो" करत बसले होते, असं इंदुताईंनी नंतर सांगितलं. इंदुताईंच्या फोनवरून त्यांना बोलायला दिलं तरी तेच. अनोळखी आवाज मध्ये आला की फोन बंद. बापाचा आवाज यंत्राच्या लेखी परका झाला होता.

त्या दिवसापासून सहा देशांचे कागद ती निराळ्या डोळ्यांनी वाचू लागली. अहवाल सरकारसाठी होता हे खरंच. पण प्रत्येक पानावर ती एकच गोष्ट शोधत होती: या देशात माझे नाना मला फोन करू शकले असते का?

एस्टोनियात शक्यच नव्हतं. त्या देशानं आवाजावर विश्वास ठेवणंच सोडलं होतं. आई असली तरी आधी ओळखपत्राची खूण दाबायची, मग बोलायचं, आणि खूण विसरलेल्यानं बोलायचं नाही. चीनमध्ये प्रत्येक आवाजाची सरकारदरबारी नोंद होती. आजारानं आवाज बदलला तर कचेरीत जाऊन नवी नोंद करायची, आणि नानांना दर महिन्याला कचेरीत नेणार कोण? अमेरिकेनं सगळं कंपन्यांवर सोडलं होतं. पैसे मोजले की चांगली 'पारख', घात झाला की नुकसानीचा दावा. जपाननं म्हाताऱ्यांच्या घरी एकच बटण असलेला फोन बसवला होता, जो एकाच ठिकाणी लागे. फार सुबक सोय, पण नानांनी तो फोन पहिल्याच आठवड्यात खोलून आतल्या तारा मोजल्या असत्या. सिंगापूरला निष्काळजीपणाला दंड होता. फिनलंडची तऱ्हा सगळ्यांत वेगळी. तिथं गृहीतच धरलं होतं की एक ना एक दिवस सगळं बंद पडणार, म्हणून गावोगाव शिकवलेली माणसं तयार ठेवली होती. असा माणूस म्हाताऱ्यांच्या घरी जाई, शेजारी बसे, डोळ्यांनी बघे आणि मगच फोनवर सांगे, होय, हे तेच आहेत. पण तिथल्या साऱ्या देशाची माणसं एकट्या पुणे जिल्ह्यात मावली असती. आपल्याकडे एवढी माणसं शिकवायची तर किती वर्षं लागतील, याचा हिशेब करताना केतकीनं हात टेकले.

शेवटी तोडगा तिलाच सुचला. पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर आधीच्या खातेदारानं ओळख द्यावी लागे. ओळखीशिवाय आपलं पान कधी हललंय? तिनं मसुद्यात एक कलम घातलं. जुळणी कमी आली तर 'पारख'नं फोन तोडू नये, ती दोन-चार वाक्यं ऐकणाऱ्यालाच ऐकवून विचारावं: 'बोलणारी व्यक्ती तीच असल्याची खात्री नाही. तुम्ही ओळख देता का?' ओळख दिली की फोन जोडला जाईल. ओळख देणारा तो ओळखदार. जबाबदारी त्याची.

दिल्लीनं वर्षभर चाचणी घ्यायला मान्यता दिली, आणि कलमाचं फार कौतुक झालं. यंत्राच्या वर माणूस ठेवणारा देश म्हणून परिषदांमध्ये आपलं नाव घेतलं जाऊ लागलं. केतकीच्या फोनवर पहिल्याच दिवशी तो प्रश्न उमटला. जुळणी होती एकेचाळीस टक्के. तिनं 'ओळख देते' दाबलं. पलीकडून नाना म्हणाले, "कोण? लीला का?" ती म्हणाली, "हो, लीलाच." खूप दिवसांनी ती पोटभर जेवली.

चाचणीचे आकडे आले तेव्हा फिनलंडच्या आइनो नावाच्या अधिकारी बाईनं पडद्यावरच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला. "तुमच्या तक्त्यात नकार कुठे आहेत? आमची माणसं दर दहा वेळांत एकदा तरी ओळख द्यायला नकार देतात. तुमच्याकडे जवळजवळ कुणीच कधी दिलेला नाही."

केतकीला तो प्रश्न झोंबला. तिनं उत्तर दिलं, "आमच्याकडे कौटुंबिक बंध घट्ट आहेत." तेच वाक्य तिनं अहवालातही घातलं. दिल्लीला ते आवडलं.

अहवाल द्यायला पंधरवडा उरला असताना, भर दुपारी नानांच्या नंबरवरून फोन आला. केतकी गच्चीवर डबा खात होती. नेहमीसारखा प्रश्न उमटला, तिनं डाव्या हातानं 'ओळख देते' दाबलं आणि लीला व्हायची तयारी केली.

"केतू, जेवलीस का?"

तिच्या हातातला घास तसाच राहिला. या नावानं त्यांनी दोन वर्षांत हाक मारली नव्हती.

"नाना? जेवतेच आहे. तुम्ही जेवलात?"

"जेवलो की. इंदूनं शेवग्याची आमटी केली होती. तुझ्या आईसारखी नाही जमली, पण बोललो नाही काही." ते हसले. "काय गं, आवाज का असा? दमलीस का?"

मग ते कितीतरी वेळ बोलले. मावशीच्या दुकानातल्या काट्याची गोष्ट निघाली, केतकीच्या शाळेच्या सहलीची निघाली. डॉक्टर म्हणाले होते की अशा आजारात अधूनमधून एखादा चांगला दिवस येतो. तो आज आला, असं तिला वाटलं. शेवटी नाना म्हणाले, "तुझ्या ऑफिसातली ती किल्ली म्हणतेस ना, मला ती बघायची आहे एकदा. केवढीशी असेल, कशी चालत असेल, रोज मनात येतं. येताना घेऊन ये की. जन्मभर लोकांची यंत्रं तपासली, लेकीचं तेवढं बघायचं राहिलं."

"आणते नाना. रविवारी येते," केतकी म्हणाली.

किल्ली बाहेर न्यायची मुभा उपसंचालकाला होती, स्वतःच्या सहीवर. ती वापरायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं सही केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि गच्चीवर येऊन इंदुताईंना फोन लावला. रविवारी येतेय, नानांची दाढी करून ठेवा, एवढंच सांगायचं होतं.

"इंदुताई, आज नाना काय छान बोलले हो! अगदी पूर्वीसारखे. शेवग्याची आमटी केलीत ना?"

"कुणाशी बोलले, ताई? नाना सकाळधरनं पडून हायत. ताप हाय अंगात. डागदर येऊन गेलं. आमटी कशाची, नुसती पेज घातली दोन घास. तुमास्नी घोर नको म्हनून सांगितलं न्हाई."

"फोन त्यांच्या नंबरवरून आला होता."

"त्यांचा फोन हितं माज्यापाशी हाय, ताई. बंद हाय. चार्जिंगच न्हाई त्याला."

केतकी कठड्याला टेकली. टेकडीवर कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं. पर्समधली किल्ली तिनं चाचपून पाहिली, मग आत जाऊन जाळीच्या खोलीत परत ठेवली. परतीची सही तिनं केली. काय झालं असतं हे तिला पुरतं समजत होतं. कराडच्या घराबाहेर रस्त्यात कुठेतरी एखादी गाडी उभी असती. त्यातल्या यंत्रानं किल्लीची नक्कल करायला पाच-सात मिनिटं पुरली असती. सहा देशांची कुलपं त्यात होती, आणि आपल्या राज्याच्या विजेचंही कुलूप होतं.

हे कसं घडलं तेही कळायला तिला वेळ लागला नाही. जुने कौटुंबिक ग्रुप, त्यातले नानांचे व्हॉइस मेसेज, मावशीनं वाढदिवसाला टाकलेले व्हिडिओ. माल चोराला कुठूनही मिळाला असता, किल्लीची कुणकुणसुद्धा. पायवाट त्याला मिळाली नव्हती, पण मिळायची गरजच राहिली नव्हती. ज्याची वाट मोडली आहे अशाच माणसाचं सोंग त्यानं घेतलं होतं. खऱ्या नानांची जुळणी एकेचाळीस, खोट्यांची एकोणचाळीस. 'पारख'नं दोन्ही वेळा प्रामाणिकपणे विचारलं होतं, आणि केतकीनं दोन्ही वेळा न ऐकताच बटण दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती गच्चीवर होती. रविवारचं पक्कं करायला फोन येणार हे तिला माहीत होतं. नियमानं तिनं तो घ्यायलाच नको होता, आदल्या दिवशीच वर कळवायला हवं होतं. तिनं फोन घेतला आणि ओळख दिली.

"केतू, रविवारचं नक्की ना?"

"नक्की. नाना, आई गेली त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणाला होतात, आठवतं?"

आवाज जरासा थांबला. नानांच्याच तऱ्हेनं, खाकरून घेतल्यासारखा. "असल्या गोष्टी शब्दांत सांगता येत नाहीत, पोरी."

उत्तर चांगलं होतं. खरं उत्तर असं होतं की नाना त्या दिवशी काहीच म्हणाले नव्हते, दुपारी स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भांडी घासली होती. पण हे उत्तरही त्यांच्या तोंडी शोभलं असतं. केतकीनं आणखी विचारलं नाही. तिला पकडायचं नव्हतं, तिला ऐकायचं होतं. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी यंत्रानं जुळवलेला आवाज आहे हे ठाऊक असताना ती ऐकत राहिली. आपल्या बापाच्या आवाजात आपलं नाव पुन्हा ऐकायला मिळणार नाही, हेही तिला तितकंच ठाऊक होतं. ती रडत होती आणि पलीकडून मायेनं विचारपूस चालली होती.

"फार दमलीस गं पोरी," आवाज म्हणाला. "सोड आता ते सगळं. घरी ये."

"हो नाना," ती म्हणाली, आणि तिनं 'ओळख काढून घेते' दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली. 'या नात्यासाठी ओळखीची सोय कायमची बंद होईल. पुढे जायचं?' एकदा फसवणूक झाली की ते नातं संरक्षित माणसाच्या ओळखीच्या यादीतून बाद, हा नियमही तिनंच लिहिला होता. तेव्हा तो लिहायला सोपा गेला होता. तिनं 'होय' दाबलं. आवाज वाक्याच्या मधोमध तुटला.

कक्षाचे संचालक जमीर दुर्राणी अंबाजोगाईकडचे. मृदू बोलणारे, फायलीवर पेन्सिलीनं बारीक खुणा करणारे गृहस्थ. केतकीनं त्यांना सगळं सांगितलं, किल्ली पर्समध्ये टाकल्याचंसुद्धा. ऐकता ऐकता ते पेन्सिल फिरवत होते.

"पण मॅडम, किल्ली बाहेर गेली नाही ना? तुम्ही पकडलंत की. मग कलम चाललं, असंच लिहू. चौकशीचं मी बघतो, तुमचं नाव यायची गरज नाही."

"मी नाही पकडलं, सर. इंदुताईंनी पकडलं, तेही नाना समोर झोपलेले होते म्हणून. मी तर दोन्ही वेळा ओळख दिली."

"भावनेच्या भरात माणसाकडून..."

"वर्षभरात लाखो वेळा प्रश्न विचारला गेला आणि नकार मूठभरसुद्धा नाहीत. आइनोनं ते पहिल्यांदा पाहिलं, आणि मी तिला कौटुंबिक बंध सांगितले. बंध कसले सर, भीड आहे ती. मामाचा फोन आला आणि यंत्रानं विचारलं, हा मामाच का? आपल्यातलं कोण नाही म्हणणार? मामाला कळलं तर? आपण लग्नाच्या पत्रिकेतलं एक नाव राहिलं तरी महिनाभर माफी मागत फिरतो. अशा माणसांच्या हातात मी नकाराचं बटण दिलं."

दुर्राणींनी पेन्सिल खाली ठेवली. "माझ्या अम्मीचं गळ्याचं ऑपरेशन झालंय, तुम्हाला माहीत नसेल. बोलते ते अर्धं मलाच कळत नाही. रोज सकाळी तिचा फोन येतो तो तुमच्या या कलमामुळं."

केतकीला हे खरोखरच माहीत नव्हतं.

"तुम्ही कधी नाही म्हटलंय?" तिनं हळूच विचारलं.

"अम्मीला?" ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "ऐकतसुद्धा नाही मी, मॅडम. प्रश्न दिसायच्या आधीच बोट तिथं गेलेलं असतं."

केतकीनं नवा मसुदा पुढं सरकवला. फोनवरून ओळख देणं बंद. बोलणाऱ्याच्या शेजारी प्रत्यक्ष बसलेल्या, शिकवलेल्या तिसऱ्या माणसानं दिलेली ओळखच धरायची, फिनलंडसारखी. तशी माणसं गावोगाव तयार व्हायला निदान आठ-दहा वर्षं लागतील, असं तिनं स्पष्ट लिहिलं होतं. तोवर ज्यांची पायवाट मोडली आहे त्यांचा आवाज संरक्षित माणसांपर्यंत पोचणार नव्हता. आठ-दहा वर्षांनी यातले किती म्हातारे असतील, हे तिनं लिहिलं नव्हतं.

"हे फार कठोर आहे," दुर्राणी म्हणाले.

"हो."

"सहीआधी एक फोन करून येऊ?"

ते गच्चीवर गेले. केतकी खोलीत थांबली, तिला वर जाऊन बघायचं नव्हतं. ते पुष्कळ वेळानं खाली आले, चष्मा पुसला आणि मसुद्याच्या प्रत्येक पानावर सावकाश सही केली. शेवटच्या पानाशी आल्यावर केतकीनं आणखी एक कागद पुढं केला. तिला संरक्षित पदावरून मोकळं करावं, प्रशिक्षण विभागात कुठेही टाकावं, पगार कमी झाला तरी चालेल.

"तुम्ही गेलात तर हे काम करणार कोण?"

"कुणीतरी करेल, सर. मला आता होत नाही." हे म्हणताना तिला लाज वाटली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

मोकळीक मिळायला पावसाळा संपला. ज्या दिवशी तिच्या फोनमधली 'पारख' काढून टाकली त्याच सकाळी ती गाडीत बसली. नानांना फोन करता आला असता, आता कुणी तोडणार नव्हतं. पण गेल्या महिन्यापासून नाना फोन हातात धरायचेच थांबले होते. ते पेटीसारखं काय बोलतंय म्हणून त्यांना भीती वाटे.

कराडच्या घराचं दार उघडंच होतं. नाना दारातच खुर्ची टाकून, पाय पसरून बसले होते. मागं इंदुताई भाजी निवडत होत्या.

"कोण पाहिजे?" नानांनी विचारलं.

"नाना, मी केतकी."

त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "केतकी पुण्याला असते. मोठ्या हुद्द्यावर आहे. ती अशी आडवारी यायची नाही."

काय सांगावं म्हणजे पटेल, असं केतकीच्या मनात आलं. आईचं नाव सांगावं, मावशीच्या काट्याची गोष्ट सांगावी, शाळेची सहल सांगावी. पण त्या आवाजानंही हेच सगळं सांगितलं होतं. चोराकडे नव्हतं असं काहीच तिच्यापाशी नव्हतं. हातातली पिशवी खाली ठेवून ती पायरीवर उभी राहिली. तिला इतकं दमल्यासारखं झालं होतं की तिथंच बसावं असं वाटत होतं.

नानांनी मान वळवली. "इंदू, तुम्ही ओळखता हिला?"

"व्हय नाना. तुमची लेक हाय."

"नीट बघून सांगताय? भिडेखातर सांगू नका."

इंदुताईंनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि दारापर्यंत येऊन केतकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी खरोखरच नीट पाहिलं, घाई केली नाही.

"नीट बघून सांगते," त्या म्हणाल्या. "हीच हाय."

"मग येऊ द्या आत," नाना म्हणाले, आणि पाय आखडून घेऊन त्यांनी तिला वाट करून दिली.